एकांतात राहायचंय? कोल्हापूरच्या डोंगरपट्ट्यात घर मांडण्याआधी हे वाचा

कोल्हापूरकराला एकांतासाठी हिमालय गाठायची गरज नाही. रंकाळा मागे टाकून पश्चिमेला निघालं की हळूहळू ऊस संपतो, भाताची खाचरं लागतात आणि दीड-दोन तासांत सह्याद्रीच्या कड्याशी पोचता येतं. मी मूळची शहरातली. आता वर्षातला बराच काळ गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीत, भाड्याच्या कौलारू घरात एकटी राहते. हे कळल्यावर लोक फोन करतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "जमीन कुठं घेऊ?" त्यानंतर साप, पाऊस, चोर, एकटेपणा. हा लेख त्या सगळ्या फोनांचं एकत्र उत्तर आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. डोंगरातला एकांत वाडीतल्या माणसांच्या भरवशावर चालतो. रात्री ताप चढला तर दार कोण ठोठावणार, पावसात रस्ता तुटला तर मीठ कुठून येणार, तुमच्या बंद घराकडे लक्ष कोण ठेवणार, हे सगळं तीच माणसं ठरवतात. म्हणून आधी माणसं आणि पाऊस समजून घ्या, मग घर बघा, जमिनीचं नाव सगळ्यात शेवटी काढा.

१. किती एकांत हवाय ते आधी लिहून काढा

"सगळ्यांपासून लांब जायचंय" एवढ्यावर निघू नका. वहीत तीन गोष्टी लिहा. किती दिवस जायचंय, तिथं दिवसभर काय करणार, आणि आठवड्यातून किती वेळा कुणाशी बोलल्याशिवाय तुम्हाला चालत नाही. तिसऱ्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. रोज संध्याकाळी कुणाशी तरी दोन शब्द लागत असतील तर तुमचं घर वाडीच्या आत हवं, टेकाडावर एकटं नको.

आणखी एक, मनापासून सांगते. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, मन फार खचलेलं असेल, झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर पहिल्यांदा एकट्यानं लांब जाऊ नका. डॉक्टरांना विचारा, गोळ्या बंद करू नका, सोबत कुणाला तरी न्या. डोंगर कुठं जात नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलीमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, तो नंबर फोनमध्ये ठेवा.

२. घर बघण्याआधी मठात चार दिवस राहून बघा

आपल्या भागाला एकांतवासाची जुनी सवय आहे. गगनगडावर गगनगिरी महाराजांनी तप केलं. भुदरगड तालुक्यात पाटगावला शिवकाळातले संत मौनी महाराज यांचा मठ आणि समाधी आहे. हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ रामलिंगची गुहा आणि अल्लमप्रभूचा डोंगर आहे. शहराजवळच हवं असेल तर कणेरीचा सिद्धगिरी मठ.

राहण्याची सोय असेल तिथं आधी फोन करून, विचारून जा. मठ म्हणजे स्वस्तातला लॉज नव्हे. आरतीच्या वेळा, जेवणाची पंगत, रात्री दिवे मालवायची वेळ, सगळं पाळायचं. ताट आपलं आपण घासायचं. दारू-मांसाहाराचा विषयच नाही. निघताना ऐपतीप्रमाणे देणगी ठेवायची आणि जमलं तर एक दिवस झाडलोट किंवा स्वयंपाकघरात हात लावायचा.

या चार दिवसांत फोन बंद ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी बहुतेकांना फार बेचैन होतं. ती दुपार कशी जाते त्यावरून पुढचा बराच अंदाज येतो. पळून यावंसं वाटलं तर या, त्यात कमीपणा नाही, काही महिन्यांनी पुन्हा जा.

३. भाग निवडताना पाऊस आणि रस्ता बघा, फोटो बघू नका

कोल्हापूर जिल्ह्याचा पश्चिम पट्टा नकाशावर एकसारखा दिसतो, पण राहायला प्रत्येक तालुका वेगळा आहे.

गगनबावडा शहरापासून साधारण ५५ किलोमीटर. राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी हे एक, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैमध्ये सलग कित्येक दिवस समोरचं झाड दिसत नाही. पूर आला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि कोल्हापूरशी संबंध तुटतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते वाटेवरच्या कुठल्याही गावात विचारा. शांतता मात्र इथल्यासारखी मला दुसरीकडे मिळाली नाही.

राधानगरीच्या बाजूला शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, पुढे दाजीपूरचं जंगल आणि फोंडा घाट. जंगल दाट, पण सुट्टीच्या दिवशी मुख्य रस्त्यावर गाड्यांची रांग असते. घर बघायचं तर त्या रस्त्यापासून आत बघा.

भुदरगडात गारगोटीच्या पुढे पाटगावकडे गेलं की वस्ती विरळ होते. पाटगाव मधासाठी नावाजलंय. आजऱ्यात पाऊस भरपूर पण सोसवेल असा, आणि घनसाळ तांदळाचा तो भाग. नवख्या माणसाला मी बहुतेक वेळा आजरा किंवा भुदरगड सुचवते. बाजारपेठ आणि दवाखाना आवाक्यात राहतो, आणि पहिल्याच पावसात माणूस हाय खात नाही.

चंदगड सगळ्यात लांब, एसटीनं जायला तीन-साडेतीन तास धरा. काजूच्या बागा, तिलारीचं खोरं, सुरेख मुलूख. पण आजरा आणि चंदगड दोन्हीकडे कर्नाटकातून आलेले हत्ती फिरतात, हे लक्षात घ्या. शाहूवाडीत आंबा घाटाच्या आसपास हॉटेलं-रिसॉर्ट वाढलीत, शनिवार-रविवारी डीजे ऐकायची तयारी हवी. पन्हाळा जवळ म्हणून मोह पडतो, पण तिथं पर्यटकांची वर्दळ बारमाही असते. मसाई पठार दिवसभर जाऊन बसायला छान आहे, राहायला नाही.

कुठलाही भाग दोनदा बघितल्याशिवाय ठरवू नका. एकदा एप्रिल-मे महिन्यात, म्हणजे पाण्याचं खरं कळतं. एकदा जुलैमध्ये, म्हणजे छपराचं आणि रस्त्याचं खरं कळतं. ऑक्टोबरात सगळीच गावं स्वर्गासारखी दिसतात, त्या महिन्यात काही ठरवू नका.

गाडी नसेल तर मुक्कामाच्या एसटीचं गाव शोधा. रात्री येऊन गावातच थांबणारी आणि पहाटे कोल्हापूरला निघणारी ती गाडी म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांचा, शाळेच्या पोरांचा आणि तुमचाही आधार. बाकी दिवसभर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, असतं, पण ते भरल्याशिवाय हलत नाही आणि पावसात फेऱ्या कमी होतात.

४. जंगलात तंबू ठोकायचा विचार असेल तर तो इथंच सोडा

राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. गव्यांसाठी १९५८ मध्ये दाजीपूरचं जंगल राखीव झालं, त्यातून ते वाढलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मुक्काम आणि चूल पेटवणं तर लांबच. राखीव वनातही तेच. "आम्ही काही तोडत नाही, नुसतं बसतो" हे वनरक्षकाला सांगून उपयोग होत नाही, आणि होऊही नये. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं. दाजीपूरला मुक्कामाची सोय आहे, परवानगी काढून, गाईड घेऊन, सफारीच्या काळात जा.

देवराईबद्दल वेगळं सांगायला हवं. अनेक गावांना देवाच्या नावानं राखलेलं रान असतं. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. सावली दाट आणि आत गार असतं, त्यामुळे नवख्या माणसाला ध्यानाला बसायला तीच जागा आवडते. बसायला बहुतेक गावांत हरकत नसते, पण आधी पुजाऱ्याला किंवा एखाद्या जाणत्या माणसाला विचारा. काही ठिकाणी चपला बाहेर काढायच्या असतात, काही ठिकाणी ठराविक दिवशी कुणीच जात नाही.

५. घर भाड्यानं घ्या, आणि भावकी तपासा

या पट्ट्यात बंद घरं पुष्कळ आहेत. घरटी कुणी ना कुणी मुंबईला गेलेलं, म्हातारी माणसं गेली की घराला कुलूप. मे महिन्यात आणि गणपतीला चार दिवस घर उघडतं. बंद घराला वाळवी लागते, कौलं बिघडतात, म्हणून चांगला माणूस राहायला मिळाला तर मालक खूश असतो. भाडंही शहराच्या मानानं फार कमी.

सगळ्यात मोठा सापळा भावकीचा. एक भाऊ किल्ली देतो, भाडं घेतो. गणपतीला दुसरा भाऊ मुंबईहून येतो आणि विचारतो, "तुम्हाला इथं ठेवलं कुणी?" म्हणून ग्रामपंचायतीत घराचा नमुना आठचा उतारा बघा, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते पाहा आणि सगळ्यांशी फोनवर तरी बोला. गणपतीत आणि गावच्या जत्रेला घर रिकामं करून द्यायचं की एक खोली द्यायची, हे आधीच ठरवा. मी त्या दिवसांत शहरात जाते. घरच्यांना त्यांचं घर मिळतं आणि मलाही आईला भेटता येतं.

भाडेकरार अकरा महिन्यांचा, लेखी आणि नोंदणी केलेला करा. खेड्यात "कशाला कागद, आपलं शब्दावर" असं म्हणतील. नम्रपणे सांगा की कागद दोघांच्याही सोयीचा आहे. कराराची प्रत आणि आधार कार्डाची झेरॉक्स पोलीस ठाण्यात द्या, एक पोलीस पाटलांकडेही द्या.

घर बघताना काय बघायचं:

- छप्पर. दुपारी घरात दार-खिडक्या लावून उभं राहा. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून पाणी येणार. शाकारणी, म्हणजे कौलं काढून पुन्हा नीट बसवणं, कधी झाली ते विचारा. ती मे महिन्यात करून घ्यावी लागते आणि जूनमध्ये माणूस मिळत नाही, सगळे आपापल्या शेतात असतात.
- पावसाची बाजू. भिंत मातीची असेल तर पश्चिमेकडच्या भिंतीला झडीपासून आडोसा लागतो. वाडीतली बाकीची घरं काय बांधतात ते बघा आणि तसंच करा.
- पाणी. नळ आहे म्हणून खूश होऊ नका. पाणी झऱ्यावरून पाइपनं येतं का, एप्रिलमध्ये किती वेळ येतं, पावसात गढूळ होतं का, ते शेजारणीला विचारा. मालक नेहमी "भरपूर" म्हणतो.
- संडास. घरापासून किती पावलांवर आहे, वाटेत दिवा आहे का.
- चूल. स्वयंपाकघरात चूल असेल तर ठेवा. पावसात जळण, कपडे, धान्य, सगळं तिच्या उबेवर वाळतं. चुलीच्या धुरानं वाशांना वाळवी लागत नाही असं इथली माणसं सांगतात, आणि रोज चूल पेटणाऱ्या घरांचे काळे कुळकुळीत वासे बघितले की पटतं.

६. वाडीला तुमची ओळख द्या

ही पायरी लोक गाळतात, आणि बहुतेकांचा एकांत इथंच फसतो.

पहिल्या दिवशी सामान उतरवत असताना कट्ट्यावर बसलेले एखादे तात्या विचारतील, "कुणाचं पाव्हणं म्हणायचं?" याचं उत्तर सरळ द्या. "मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. अमक्या मामांच्या घरात भाड्यानं राहायला आलेय. जरा शांत राहायचंय." पुढचा प्रश्न ठरलेला, "एकटीच?" त्यालाही सरळ "व्हय, एकटीच." मग थोडा वेळ कुणी बोलत नाही. संध्याकाळपर्यंत चार तर्क झालेले असतात. आजारी असेल, घरात भांडण झालं असेल, पुस्तक लिहीत असेल, जमिनीची दलाल असेल. शेवटचा तर्क सगळ्यात घातक आहे, कारण बाहेरचे लोक येऊन जमिनी घेतात याचा राग सगळीकडे आहे. म्हणून सगळ्यांना एकच उत्तर द्या. एकाला सुट्टीवर आलेय, दुसऱ्याला लेखन करतेय असं सांगितलं की संशय वाढतो, आणि वाडीत दोन्ही उत्तरं त्याच रात्री एकमेकांशेजारी ठेवली जातात.

पहिल्या आठवड्यात सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि दुकानदार या चौघांना स्वतः जाऊन भेटा. आशाताईंचा नंबर घ्या, तो डॉक्टरांच्या नंबराइतकाच कामाचा आहे.

आता एकांताचं. शहरात दार लावलं की काम भागतं. वाडीत बंद दार म्हणजे काहीतरी बिघडलंय, म्हणून लोक उलट जास्त ठोठावतात. यावर मला सापडलेला उपाय असा की दिवसातली एक वेळ लोकांसाठी उघडी ठेवायची. मी संध्याकाळी पाच ते सहा सोप्यात बसते, दार उघडं, चहाचं आधण ठेवलेलं. ज्याला यायचं तो येतो. पोरं गणितं घेऊन येतात, मावश्या सातबाऱ्याचा कागद वाचून घ्यायला येतात. आणि सकाळी मौन असतं असं सांगून ठेवलंय. मौन म्हटल्यावर इथं कुणाला फार समजवावं लागत नाही. शेजारच्या आक्काच आल्यागेल्याला परस्पर सांगतात, "दुपारपातूर बोलत न्हाईत त्या, पाच वाजता या." त्या एका तासामुळे उरलेला सगळा दिवस माझा असतो.

रोपलावणीच्या दिवसांत अर्धा दिवस तरी कुणाच्या तरी खाचरात उतरा. तुमच्या हातून काम फारसं होणार नाही, पण गुडघाभर चिखलात वाकून रोपाची मूठ मोडत पुढे सरकलं की दुसऱ्या दिवशी तुम्हाला नावानं हाक मारतात. मजुरी घेऊ नका, भाकरी मात्र बांधावर त्यांच्याबरोबर बसून खा.

एकट्या बाईनं राहावं का, हे मला फार विचारलं जातं. राहावं, पण घर वाडीच्या आत हवं, शेजारी नांदतं कुटुंब हवं, आणि त्या घरातल्या बाईशी नातं हवं. रात्री दाराला आतून आडणा हवा. गावात दारूचा धंदा कुठं चालतो ते माहीत करून घ्या आणि घर त्या वाटेवर घेऊ नका.

७. पावसाळ्याची बेगमी मे महिन्यात करा

मृग निघायच्या आत घरात चार महिन्यांचं हवं. तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, या दोन नक्षत्रांत बाजाराला जाणं होत नाही असंच धरून चाला.

एका माणसाचा माझा हिशेब असा: तांदूळ तीस किलो, नाचणी आणि ज्वारी मिळून वीस किलो, हुलगे, मसूर, तूरडाळ प्रत्येकी तीन-चार किलो, गूळ, मीठ, तेल, चहा, आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी. पीठ दळून ठेवू नका, आठ-दहा दिवसांत दमटपणानं वास मारतं. धान्य ठेवा आणि गिरणीला वीज असेल त्या दिवशी थोडं थोडं दळून आणा. सगळं पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत. प्लास्टिकच्या डब्याला उंदीर कडेनं कुरतडतो.

जळण एप्रिलमध्येच घ्या. गावात शेणी आणि लाकूड विकत मिळतं. घराच्या आत, कोरड्या बाजूला, जमिनीपासून वर रचा. जोडीला लहान सिलिंडर ठेवा, रोज दोन्ही वेळा चूल पेटवणं नवख्याला झेपत नाही.

वीज दोन-तीन दिवस जाते हे गृहीत धरा. सौरदिवा जुलैत चार्ज होत नाही. म्हणून चांगल्या बॅटऱ्या, सुटे सेल, मेणबत्त्या आणि रॉकेल मिळालं तर कंदील. फोनला रेंज बहुतेक वाडीतल्या एका ठराविक वळणावरच येते. घरच्यांना सांगून ठेवा की रोज फोन होणार नाही, आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळी होईल, आणि सलग दोन वेळा झाला नाही तर पोलीस पाटलांना फोन करायचा. त्यांचा नंबर घरी लिहून ठेवा.

रानभाज्या श्रावणापर्यंत पुरतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. पहिलं वर्ष आक्कांच्या मागून हिंडा, त्या खुडतील तेच खुडा. आळंबी मात्र स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून कधीही खाऊ नका. ज्यांनी जन्मभर खाल्ली त्यांच्या हातची असेल तरच.

८. साप, जळवा, गवे, ताप

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात आहेत. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी फारसं दुखत नाही, सूजही येत नाही, त्यामुळे कळायला उशीर होतो. जमिनीवर झोपू नका. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपा. अंधारात एक पाऊलही बॅटरीशिवाय टाकायचं नाही. जळण आणि कौलांचा ढीग उचलताना आधी काठीनं हलवा. फुरसे लहान असतं आणि दगडाच्या रंगात मिसळून जातं, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, बसण्याआधी जागा बघा.

चावलाच तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळून बांधू नका. अंगठी-बांगड्या काढा, तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, वेळ लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखान्यात जा. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून न्यायची गरज नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे का, हे राहायला जाण्याआधी जाऊन विचारा. मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे कोल्हापूरचं सीपीआर. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही, हे शेजाऱ्यांनाही सांगा.

जळवा पावसात सगळीकडे. ओढून काढू नका, मीठ किंवा तंबाखू-चुना लावला की सुटतात. त्यांचा धोका नाही, रक्त थोडा वेळ वाहतं एवढंच.

गवा शांत दिसतो म्हणून जवळ जाऊ नका. एकटा नर वाटेत उभा असेल तर थांबा, मागं सरका, त्याला जाऊ द्या. संध्याकाळनंतर शेताच्या कडेनं बोलत किंवा काठी आपटत चाला. अस्वलालाही अचानक समोर आलेला माणूस आवडत नाही.

चिखलात काम केल्यावर ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संशय धरून लगेच डॉक्टरांना दाखवा. पायाला जखम असेल तर खाचरात उतरूच नका. तिलारीच्या बाजूला, दोडामार्गात माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडांमुळे होतो आणि हिवाळा-उन्हाळ्यात पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर लांब राहा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

९. दिवसाला आकार द्या

कामं ठरलेली नसतील तर आठवडाभरात माणूस नुसता झोपतो किंवा फोनच्या रेंजच्या वळणावर जाऊन उभा राहतो. पाणी भरणं, झाडणं, जळण फोडणं, भाकरी थापणं यात सकाळ जाते आणि ती जाऊ द्यावी. मी या कामांना घाई करायचं सोडलं तेव्हाच इथं राहणं मला आवडायला लागलं. दुपारी वाचन किंवा लिखाण, संध्याकाळी तो एक तास लोकांचा, अंधार पडला की जेवण.

सामान कमी न्या. दोन पातेली, तवा, काथवट, चार ताटं, दोन घोंगडी, तीन जोड कपडे. चौथा जोड पावसात वाळत नाही. वाडीतल्या घरात ठेवायच्या नाहीत अशा दोनच गोष्टी सांगते, दागिने आणि मोठी रोख रक्कम. गरजेपुरते पैसे ठेवा, बाकी तालुक्याच्या बँकेत.

१०. जमीन दोन पावसाळ्यांनंतर

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३ तेच सांगतं, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तुमच्या किंवा आईवडिलांच्या नावे कुठंतरी सातबारा असेल तर शेतकरी असल्याचा दाखला मिळतो. "नंतर करून देतो दाखला" म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही इसार देऊ नका.

सातबाऱ्यावर "इतर हक्क" हा रकाना सगळ्यात आधी वाचा. कूळ, देवस्थान इनाम, पुनर्वसनासाठी राखीव, खाजगी वन, भोगवटादार वर्ग दोन, यातलं काहीही दिसलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. डोंगरउताराची स्वस्त जमीन अनेकदा यातलीच असते. तुकडेबंदीमुळे लहान तुकड्याची खरेदी अडते. अभयारण्याच्या भोवतीच्या पर्यावरणसंवेदनशील पट्ट्यात बांधकामावर बंधनं आहेत. आणि वाट कागदावर आहे का बघा. आज ज्याच्या बांधावरून जाता, त्याच्या मुलानं उद्या कुंपण घातलं तर?

दोन पावसाळे काढल्यावर यातलं निम्मं वाडीच तुम्हाला सांगते. कुठल्या तुकड्यावर भावाभावांची केस आहे, कुठला झरा फेब्रुवारीत आटतो, कुठल्या उताराची माती सरकते, हे तलाठी कार्यालयात लिहिलेलं नसतं.

निघताना जवळ काय हवं

कागद:

- आधार कार्ड, त्याच्या चार झेरॉक्स, दोन फोटो
- नोंदणी केलेला भाडेकरार आणि घराच्या नमुना आठच्या उताऱ्याची प्रत
- पोलीस ठाण्यात माहिती दिल्याची पोच
- रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी आणि घरच्यांचे दोन नंबर लिहिलेला कागद. एक घरात दाराच्या आतल्या बाजूला लावा, एक शेजारी द्या.
- सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, ग्रामीण रुग्णालय, वनरक्षक, वायरमन आणि वडापवाल्याचे नंबर, फोनमध्ये आणि कागदावरही

सामान:

- मच्छरदाणी, दोन बॅटऱ्या, सुटे सेल
- गुडघ्यापर्यंतचे गमबूट, लांब छत्री, घोंगडं किंवा इरलं
- पत्र्याचे डबे, दोरी, कोयता, ताडपत्री
- पाणी उकळायचं मोठं पातेलं आणि गाळायला दुहेरी फडकं
- ताप, जुलाब, जखमेची औषधं, क्षारसंजीवनीची पाकिटं, रोजच्या गोळ्या दोन महिन्यांच्या
- शेजारच्या घरासाठी कोल्हापुरातून गुळाची ढेप किंवा पोरांना वह्या, रिकाम्या हातानं जाऊ नका

घर बघायला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघा. मे महिन्यात मुंबईची मंडळी गावात असतात, त्यामुळे सगळ्या भावांशी एकाच ओसरीवर बसून बोलता येतं, आणि शाकारणीला माणूसही मिळतो.